खाली कोण कोण आहे

माझी सगळी नोकरी दिवे देण्यात आणि दिवे परत घेण्यात गेली. मंचेरियलच्या आसपासच्या एका भूमिगत कोळसा खाणीत मी लॅम्प-रूमला होतो. पाळी सुरू व्हायच्या आधी खिडकीशी रांग लागायची. माणूस आपलं टोकन आत सरकवायचा आणि मी त्या नंबरचा टोपीचा दिवा काढून त्याच्या हातात द्यायचो. पाळी संपली की उलटा व्यवहार, दिवा माझ्याकडे आणि टोकन त्याच्याकडे. रॅकवर प्रत्येक दिव्याची जागा ठरलेली. पाळी संपून बराच वेळ झाला आणि एखादी जागा रिकामीच राहिली की माझ्या पोटात गोळा यायचा. तो माणूस माझ्या ओळखीचा असेलच असं नाही. कित्येकांचे चेहरे मला आठवायचे नाहीत, नंबर मात्र आठवायचा. तरी गोळा यायचा.

1952 च्या खाण कायद्यात एक कलम होतं. जमिनीखाली काम करणाऱ्यांची नोंद अशी ठेवायची की, कोणत्याही क्षणी विचारलं तरी त्या क्षणी खाली कोण कोण आहे ते नावानिशी सांगता आलं पाहिजे. किती आहेत एवढं सांगून भागत नाही, कोण आहेत ते सांगावं लागतं. नवीन लागलो तेव्हा आमच्या ओव्हरमननं, म्हणजे पाळीच्या मुकादमानं, मला हे समजावून सांगितलं होतं. मला ते कायद्यासारखं वाटलंच नाही. लोक देवाबद्दल जे बोलतात, त्याच जातीचं ते वाक्य वाटलं. आमच्या घरात देव नव्हता, म्हणून कदाचित मला ते जास्त जाणवलं असेल. तो विषय पुढे येईलच.

एकदा रात्रपाळी सुटली आणि एक दिवा आला नाही. त्या टोळीवर देखरेख करणारा सर्दार म्हणाला, माझी सगळी माणसं वर आली. मी म्हणालो, रॅक तसं म्हणत नाही. थोडी वादावादी झाली, मग चार जण परत खाली उतरले. एका जुन्या गाळ्याच्या तोंडाशी तो गडी भिंतीला टेकून घोरत पडलेला सापडला. वर आणल्यावर सगळ्यांनी त्याला तेलुगूत अशा शिव्या दिल्या की त्या मराठीत लिहिता यायच्या नाहीत. शिव्या देणाऱ्यांतच एक जण रडत होता.

आता माझी मुलगी मुंबईत मरोळला राहते आणि निवृत्तीनंतर वर्षातले काही महिने आम्ही नवराबायको तिच्याकडे असतो. तिच्या घराजवळून भुयारी मेट्रो जाते. आरे ते बीकेसी हा पहिला टप्पा ऑक्टोबर 2024 मध्ये सुरू झाला, मे 2025 मध्ये गाडी आचार्य अत्रे चौकापर्यंत गेली आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात कफ परेडपर्यंत. साडेतेहतीस किलोमीटर, 27 स्थानकं, आणि आरेचं एक सोडलं तर सगळी जमिनीखाली. मला जमिनीखाली जायचं काही अप्रूप नाही, पण तिकीट काढून, इस्त्रीचा शर्ट घालून, अंगाला कोळशाचा कण न लागता खाली जाऊन वर यायचं, हे मात्र नवीन होतं.

मी बहुतेक वेळा दादरला जातो. मरोळ नाक्याला खाली उतरायचं, दादरला वर यायचं, शिवाजी पार्कच्या बाजूनं चैत्यभूमीवर जायचं, थोडा वेळ समुद्राकडे तोंड करून बसायचं आणि परत. सरकत्या जिन्यावर पाय ठेवला की हात आपोआप कमरेकडे जातो, बॅटरी नीट बसली आहे का बघायला. तिथे पट्टा असतो, बॅटरी नसते. खाली गारवा असतो, तोही वेगळा. खाणीत ताजी हवा ज्या वाटेनं आत येते तिथे गार लागतं आणि वापरलेली हवा ज्या वाटेनं बाहेर जाते तिथे घाम फुटतो, त्यामुळे डोळे मिटले तरी खाणीचं तोंड कुठे आहे ते कळतं. इथे सगळीकडे एकसारखं गार. बाहेर पडायच्या वाटांना अक्षरं आणि आकडे दिलेले आहेत, ते वाचत जावं लागतं. जन्मभर खालच्या दिशा सांगणाऱ्या माणसाला दादरला वर आल्यावर समुद्र कुठल्या हाताला हे पानवाल्याला विचारावं लागतं.

उजेडाचं तर विचारू नका. खाणीत ज्याच्याकडे बघाल त्याच्या अंगावर तुमचा उजेड पडतो. सरळ तोंडाकडे बघितलं तर त्याचे डोळे दिपतात, म्हणून बोलताना मान जराशी कलती ठेवायची, हे पोरगं पहिल्याच आठवड्यात शिकतं. म्हणजे बघणं हे तिथे एक काम आहे. ज्याच्याकडे बघितलं त्याला ते कळतं, आणि ज्याच्याकडे कोणीच बघत नाही तो अंधारात असतो. मेट्रोत सगळ्यांवर सारखा उजेड, कुणाची सावली म्हणून पडत नाही, आणि कुणी कुणाकडे बघत नाही. सुरुवातीच्या दिवसांत खाली मोबाइलला रेंज नसायची, तेव्हा लोकांचे डोळे मोकळे असायचे. पण मोकळे डोळे कुठे ठेवायचे ते लोकांना समजत नव्हतं. ते दारावरच्या नकाशाकडे बघायचे.

बीकेसी आणि धारावीच्या मध्ये गाडी मिठी नदीच्या खालून जाते. गाडीत कुणाला ते आठवत असेलसं वाटत नाही, मला दर वेळी आठवतं. खाणीतल्या माणसाला छतापेक्षा पाण्याची भीती जास्त असते. 27 डिसेंबर 1975 ला धनबादजवळ चासनालाच्या खाणीत पाणी फुटलं आणि 375 माणसं गेली. मी तेव्हा शाळेत होतो, पण आमच्या वस्तीत कित्येक दिवस दुसरा विषय नव्हता. मिठीखालून जाताना मी डब्यातली माणसं मोजायला लागतो. सवयच ती. उभे किती, बसलेले किती. मग एखाद्या स्थानकात दारं उघडतात, दहा उतरतात, पंधरा चढतात आणि माझा हिशेब मोडतो.

फाटकात कार्ड टेकवलं तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, ही तर आपलीच खिडकी. आत जाताना नोंद, बाहेर येताना नोंद. मी मुलीला विचारलं, "समजा मी मरोळला आत गेलो आणि बाहेर पडलोच नाही, तर कोणाला कळेल?"

ती म्हणाली, "बाबा, फार वेळ खाली राहिलात तर बाहेर पडताना जास्तीचे पैसे कापतात."

"आणि बाहेर पडलोच नाही तर?"

"मग कोणाचे पैसे कापणार?"

आमच्या खाणीवर माझ्या शेजारच्या खोलीत मस्टरवाला बसायचा. कोण आला, किती वाजता आला, किती पगार लागू, हे त्याचं काम. त्याची वही चुकली की भांडणं व्हायची, युनियन यायची. माझं रॅक कुणी तपासायला यायचं नाही, कारण त्यावर कुणाचा पैसा अडकलेला नव्हता. पण मस्टरच्या वहीत माणूस दिसतो तो त्यानं काय केलं म्हणून. रॅकवर तो दिसतो तो अजून वर आलेला नाही म्हणून. मेट्रोचं फाटक मस्टरच्या बाजूचं आहे, एवढं मला त्या दिवशी कळलं.

चित्रगुप्तही मला मस्टरवालाच वाटतो. लोक ज्याला भितात तो देव बहुतेक ठिकाणी तोच असतो, वही घेऊन बसलेला. माझी आजी त्याला मानायची नाही. ती विठोबाची होती आणि तिचं म्हणणं असं की, विठोबाचे दोन्ही हात कमरेवर आहेत, तो लिहील कशानं? मला लहानपणी हा युक्तिवाद बिनतोड वाटायचा. अजूनही वाटतो.

आमचं मूळ राजुऱ्याकडचं. राजुरा तेव्हा निजामाच्या मुलखातून आलेल्या आदिलाबाद जिल्ह्यात होता, वर्धा नदीच्या अलीकडे हैदराबाद राज्य आणि पलीकडे मध्य प्रदेशातला चांदा. 16 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनी चांद्याला धम्मदीक्षा दिली. नागपूरची दीक्षा होऊन दोनच दिवस झाले होते. माझे वडील तेव्हा पोरसवदा, नदी ओलांडून गेले आणि बौद्ध होऊन परत आले. दोन आठवड्यांनी राज्यांच्या सीमा बदलल्या, तालुका दुसऱ्या जिल्ह्यात गेला आणि वडील कोळशाच्या कामासाठी तेलुगू मुलखात आले. आजी त्यांच्याबरोबर आली. तिनं पंचशील म्हटलं, घरातले देव विसर्जित केले, आणि चोखोबाचे अभंग मात्र सोडले नाहीत. वडील काही बोलायचे नाहीत. बाबासाहेबांनी स्वतः 1948 मधलं आपलं अस्पृश्यांवरचं पुस्तक ज्या तिघांच्या स्मृतीला अर्पण केलं त्यात चोखामेळा आहे, हे त्यांना ठाऊक होतं, त्यामुळे त्यांना बोलायला जागाही नव्हती.

आजी एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायची. मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चाललं होतं. वेठीला धरलेली माणसं भिंत बांधत होती, त्यांत चोखोबा होता. भिंत कोसळली, सगळे खाली गाडले गेले. साल 1338 असं सांगतात. पुढे नामदेव पंढरपुराहून आले. ढिगाऱ्यात नुसती हाडं, कोणाची कोणती कसं समजणार? तर नामदेवांनी एकेक हाड उचलून कानाला लावलं. ज्यातून विठ्ठल विठ्ठल ऐकू आलं ते चोखोबाचं. ती हाडं पंढरपूरला नेली आणि महाद्वारासमोर समाधी दिली. इथे आजीचा आवाज भरून यायचा.

आमच्या खाणीत एक सर्दार होता, तेलुगू, मैसम्माचा भक्त. खाणीच्या तोंडाशी मैसम्माचं छोटं देऊळ होतं. सगळे तिला हात जोडून खाली जायचे, हा जरा जास्त वेळ थांबायचा. एका दुपारी चहा घेताना मी त्याला ही गोष्ट सांगितली. वाटलं, जमिनीखाली गाडलेल्या माणसाची गोष्ट आहे, याला आवडेल. त्यानं शेवटपर्यंत ऐकली आणि विचारलं, "मिगता वाळ्ळू?" म्हणजे, बाकीचे?

मी गप्प झालो. इतकी वर्षं ऐकलेल्या गोष्टीत मला बाकीचे कधी दिसलेच नव्हते. ते चोखोबाच्या शेजारी वीट लावत होते, त्याच भिंतीखाली मेले. त्यांच्या हाडांतून काय ऐकू येत होतं? कुणी बायकोचं नाव घेत असेल, कुणी पाणी मागत असेल. नामदेवांनी ती हाडं कानाला लावली असतील, काही ऐकू आलं नाही म्हणून बाजूला ठेवली असतील. आणि मग? गोष्ट तिथे त्यांना सोडून पंढरपूरला निघून जाते. माझ्या रॅकच्या हिशेबानं हा एक दिवा परत आला आणि बाकीच्या जागा रिकाम्या ठेवून पाळी बंद केली, असा प्रकार आहे. लॅम्प-रूमच्या माणसाला हे चालत नाही.

हा प्रश्न मी बरीच वर्षं घेऊन फिरलो. माझी समजूत अशी होत गेली की, देव असेल तर त्याची परीक्षा एकच. जो आठवण्यासारखा आहे त्याला तो ओळखतो, यात काही विशेष नाही, ते माणसंही करतात. ज्याच्या हाडात काहीच ऐकू येत नाही त्याला तो ओळखतो का? ओळखत नसेल तर तो नामदेवांपेक्षा मोठा कशावरून?

मुंबईत मुलीशी यावरून वाद झाला. तिचं काम या प्रश्नाच्या फार जवळचं आहे, हे मला उशिरा समजलं. एका सल्लागार कंपनीत ती आग लागली तर इमारतीतून माणसं बाहेर कशी पडतील याची गणितं करते. भुयारी स्थानकांसाठी जगभर एक मानक वापरतात. फलाट चार मिनिटांत रिकामा झाला पाहिजे आणि फलाटाच्या सगळ्यात लांबच्या टोकाचा माणूस सहा मिनिटांत सुरक्षित जागी पोचला पाहिजे. त्यावरून जिने किती, किती रुंद, धूर ओढणारे पंखे किती ताकदीचे, सगळं ठरतं. मी म्हटलं, "पण ती माणसं कोण, हे तुमच्या गणितात कुठे आहे?" ती म्हणाली, "कुठेच नाही. असू नये. कोण आहेत यावर जिन्याची रुंदी ठरायला लागली तर काय होईल सांगा."

तिनंच मला लंडनची हकिगत सांगितली. 18 नोव्हेंबर 1987 च्या संध्याकाळी किंग्ज क्रॉस या भुयारी स्थानकात लाकडी सरकत्या जिन्याला आग लागली. 31 माणसं गेली. तीस जणांची ओळख पटली, एकाची पटेना. शवागारातल्या नोंदीत त्याचा नंबर 115. चेहऱ्याची प्रतिकृती बनवली, जगभर चौकशी केली, काही नाही. त्याला अनोळखी म्हणून पुरलं. 2004 साली, म्हणजे सोळा वर्षांनी, कळलं की तो सत्तरी ओलांडलेला एक स्कॉटिश गृहस्थ होता. बायको वारल्यावर घरदार सोडून लंडनच्या रस्त्यावर राहणारा.

मला ही हकिगत ऐकून मंगळवेढ्याची भिंत आठवली. म्हटलं, "बघ. तुमच्या गणितात तो 115 नंबरच राहिला."

ती म्हणाली, "माझ्या गणितात तो मेलाच नसता, बाबा. त्या आगीनंतर त्यांनी नियम बदलले, लाकडी जिने काढत गेले. कोणासाठी? नाव माहीत नसलेल्यांसाठी." मग जरा थांबून म्हणाली, "आणि तुम्ही चोखोबाचं सारखं सांगता. चोखोबाला कोणी ओळखत नव्हतं असं होतं का? सगळं पंढरपूर ओळखत होतं. इतकं नीट ओळखत होतं की देवळाच्या दारात बरोबर अडवायचे. ओळख कमी पडली म्हणून तो बाहेर नाही राहिला."

याला माझ्याजवळ उत्तर नव्हतं. पंढरपूरचं देऊळ सगळ्यांना उघडायला 1947 साल उजाडावं लागलं आणि त्यासाठी साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं. चोखोबाची समाधी सहाशे वर्षं दाराबाहेर होती आणि त्याच्या माणसांना तिच्यापुढे जाता येत नव्हतं. मेल्यावर हाडांतूनही ज्याचं नाव ऐकू आलं म्हणतात त्याच्याच दारातली ही ओळख. मुलगी म्हणते, तिला मेट्रो आवडते याचं पहिलं कारण गारवा आणि दुसरं हे की, खाली तिला कोणी ओळखत नाही. मंचेरियलच्या क्वार्टरमध्ये ती वाढली. तिथे नवीन माणूस आला की पाच मिनिटांत आडनाव, मग गाव, मग फोटोत कोण लावलंय याकडे एक नजर, आणि मग पाणी घ्यायचं की नाही ते ठरायचं. सगळेच असे नव्हते, पण प्रत्येकाची परीक्षा घ्यावी लागायची. मरोळ नाक्याच्या फलाटावर तिच्या शेजारी जो उभा असतो त्याला तिचं काहीच माहीत नसतं आणि तो सरकून जागा देतो. किंवा देत नाही. पण देत नाही तेव्हाही ते तिच्या आडनावामुळे नसतं.

माझ्या वडिलांनी ऐकलं असतं तर तिचीच बाजू घेतली असती. धम्मात नोंदी ठेवणारा कोणी वर बसलेला नाही, हे ते मला खिडकीतली नोकरी लागली तेव्हाच हसत हसत सांगायचे. कर्माला कारकून लागत नाही, म्हणायचे. बाबासाहेबांनी आपल्या शेवटच्या ग्रंथात करुणेच्या पुढे मैत्री ठेवली आहे. करुणा माणसांपुरती, मैत्री सगळ्या जिवांसाठी. त्यात ओळख हवी अशी अटच नाही. मला ते नेहमी जरा पातळ वाटत आलं. सगळ्यांवर मैत्री म्हणजे कोणावरच नाही, असं काहीतरी. चार मिनिटं आणि सहा मिनिटं ऐकल्यावर ते तितकं पातळ वाटेना. स्थानकाच्या टोकाला एक जिना असतो, सहसा कोणी वापरत नाही, पाटी हिरवी. एरवी त्या जिन्यावरून कोणी जात नाही, तरी कुणीतरी त्याची रुंदी सेंटिमीटरात मोजून ठरवली आहे, जो कधी भेटणार नाही अशा माणसासाठी. आता दादरला उतरलो की मी तो जिना शोधतो. ही मैत्री काँक्रीटची आहे, तिला हात लावता येतो.

तरी माझं पूर्ण समाधान झालेलं नाही, आणि त्याचं कारण आमच्याच तेलंगणात घडलं. 22 फेब्रुवारी 2025 ला नागरकर्नूल जिल्ह्यात श्रीशैलमच्या डाव्या कालव्याच्या बोगद्याचं छत कोसळलं आणि आठ जण आत अडकले. सेना, राष्ट्रीय आपत्ती दल, उत्तराखंडात सिलक्याराच्या बोगद्यातून 41 जणांना बाहेर काढणारे रॅट-होल खाणकामगार, सगळे आले. आमच्याकडून सिंगरेणी कोळसा कंपनीची बचाव पथकं गेली. मी मंचेरियलमध्ये होतो, टीव्हीसमोर. पहिल्या काही दिवसांनी आत कोणी जिवंत असेल असं जाणकारांपैकी कोणालाच वाटत नव्हतं. तरी काम थांबलं नाही. चिखल, पाणी, यंत्राचे तुकडे, हवा कमी. पहिल्या दीड-दोन महिन्यांत दोनच मृतदेह हाती लागले.

मैत्रीच्या हिशेबानं हे काम कशासाठी? वाचवायला कोणी उरलं नव्हतं. उलट आत जाणारी माणसं जिवानिशी खेळत होती. मुलीचं गणित म्हणेल, थांबा. आणि तिचं बरोबर असेल. पण खाणीवर काम केलेला माणूस थांबा म्हणणार नाही. खाली आठ आहेत आणि ते आठ कोण ते माहीत आहे, तोवर पाळी संपलेली नसते. हे उपयोगाचं आहे का, असं विचारलं तर मला सांगता येणार नाही. आजीनं सांगितलेल्या गोष्टीतला नामदेव ढिगाऱ्यापाशी बसून हाडं कानाला लावतो, तेही उपयोगाचं नव्हतंच. त्याच्याविरुद्ध माझी तक्रार एवढीच की, तो एकाला घेऊन उठला.

आता असं म्हणता येईल की, जिना सगळ्यांसाठी आणि दिवा एकेकासाठी, दोन्ही ठेवा, वाद कशाला? माझी बायको असंच म्हणते आणि जेवायला बोलावते. पण दोन्ही एका जागी राहत नाहीत, हीच तर अडचण आहे. मुंबईचा हा मेट्रोचा बोगदा खणताना आत कोण कोण आहे याची नोंद तोंडाशी ठेवावी लागत होती. जमिनीखाली काम म्हटलं की ती ठेवावीच लागते. ज्या दिवशी स्थानक लोकांसाठी उघडलं त्या दिवशी ती वही उठली आणि फाटकं बसली. त्याच खड्ड्यात, त्याच मिठी नदीखाली. वही ठेवली असती तर रोजच्या एवढ्या गर्दीचं नाव लिहून घेणारा कोणीतरी ठेवावा लागला असता, आणि ती वही शेवटी कोणाच्या हातात जाते हे मुलीनं मला चोखोबावरून सांगितलंच आहे. मे 2025 मध्ये पहिल्याच मोठ्या पावसात आचार्य अत्रे चौक स्थानकात पाणी शिरलं तेव्हा आत कोण होतं, हे कुठल्याच रॅकला माहीत नव्हतं. माणसं जिन्यानं वर आली. जिने होते म्हणून आली.

परवा मी मुद्दाम दादरच्या पुढे गेलो, हुतात्मा चौकाला उतरलो. वर स्मारकापाशी नावं कोरलेली आहेत. लहानपणी आमच्या घरी संयुक्त महाराष्ट्राचे 105 हुतात्मे म्हणत. आम्ही सीमेच्या पलीकडचे, पण चळवळीच्या बातम्या नदी ओलांडून यायच्या. पुढे आकडा 106 झाला. आता 107 म्हणतात. गोळीबार होऊन इतकी वर्षं झाली तरी आकडा वाढतो आहे. म्हणजे मरणारे वाढले असं नाही, कुणीतरी बसून कागद चाळले, कुणाच्या तरी घरच्यांनी अर्ज केला असेल, आणि रॅकवरची एक रिकामी जागा दिसली. हे काम करणारा माणूस कोण होता मला माहीत नाही. भेटला तर मी त्याला मंगळवेढ्याला घेऊन जाईन.

मुलीला मी हे फोनवर सांगितलं. ती कामात होती. म्हणाली, "बाबा, तिथून येताना चर्चगेटहून बसा, गर्दी कमी असते. आणि मरोळला बाहेर आलात की मला मिस कॉल द्या."

मी म्हटलं, "तुमच्या गणितात हे कुठे बसतं?"

ती म्हणाली, "बसत नाही. द्या तरी."